भांडायला पत्ता

पार्लरवाल्या ताईंच्या दुकानात शिरलं की सगळ्यात आधी नाडी दिसायची. पायजम्याची, पांढरी, आरशाच्या खिळ्याला बांधलेली आणि खालच्या टोकाला एक भिंग लोंबकळत असलेली. आलेल्या बाईनं खुर्चीत बसण्याआधी, तिला जे काही लावायचं असेल त्या डबीवरचं बारीक अक्षर या भिंगातून मोठ्यानं वाचायचं, असा नियम होता. वाचता येत नसेल तर ताई वाचायच्या आणि ऐकणारीनं हुंकार द्यायचा. शब्द इंग्रजी, लांबलचक. ऐकणारीला काही कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर ताईंनाही निम्म्याहून जास्त कळायचं नाही. पण शेवटी यायचं ते सगळ्यांना कळायचं: बनवणाऱ्याचं नाव, गाव, लायसनचा नंबर, कधी बनवलं, कधीपर्यंत चालेल.

"हे काहून वाचलं?" त्या स्वतःच विचारायच्या आणि स्वतःच सांगायच्या. "उद्या थोबाड सुजलं तं भांडायले पत्ता पाह्यजे."

मी शेजारचा. माझं मेडिकल आणि त्यांचं पार्लर यांच्यात एकच भिंत होती, तीही विटेची एकेरी, त्यामुळे हे पारायण मला औषधं काढता काढता दिवसभर ऐकू यायचं. ताई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. "ओ मेडिकल" म्हणायच्या. वाटलं तेव्हा यायच्या, गिऱ्हाइकाच्या बाजूनं हात घालून माझ्याच काउंटरखालचं स्टूल ओढायच्या आणि त्यावर बसून मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत राहायच्या. सालं माझ्या कचऱ्याच्या डब्यात, दाणे त्यांच्या तोंडात. थंडीभर हे चालायचं.

वणीत पार्लर चालवणं सोपं आहे, कारण वणीत कोणी मुळात काळं नसतंच. सगळे "धुळीनं झालेले" असतात. कोळशाचे ट्रक दिवसभर जातात, माझ्या काचेवर दुपारपर्यंत बोटानं नाव लिहिता येईल इतकी काजळी बसते, आणि प्रत्येक आईला वाटतं की आपली पोरगी आतून गोरीच आहे, वरचं तेवढं पुसायचं राहिलंय. एवढ्या आशेवर कोणीही बंगला बांधला असता. ताईंनी बांधला नाही. त्या गिऱ्हाइकाला परत पाठवायच्या.

म्हणजे असं. कोणतीही नवी वस्तू तोंडाला लावायच्या आधी त्या ती कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावायच्या, शेजारी बॉलपेननं तारीख लिहायच्या आणि म्हणायच्या, परवा ये. बाई म्हणायची, आज संध्याकाळी लग्नाला जायचंय. ताई म्हणायच्या, मंग आहे त्या तोंडानं जा, नवरदेव तुले पाहाले नाई बसला. त्या काळात कॉलेजातल्या पोरी एकमेकींच्या कोपरावरची तारीख पाहून ओळखायच्या की ही ताईंकडे जाऊन आली. माझ्या बायकोच्या कोपरावरही मी एकदा तारीख पाहिली आणि गप्प बसलो.

एकदा एक एजंट आला. सोनेरी झाकणाच्या डब्या घेऊन, त्यावरची लिपी कोणाच्या बापाला वाचता येणार नाही अशी. बाहेरच्या देशातला माल आहे, सात दिवसांत रंग उजळतो, म्हणाला. ताईंनी भिंगातून डबी वर-खाली केली. नाव नाही, गाव नाही, आत काय घातलंय त्याचा उल्लेख नाही. मग त्यांनी त्याच्याच शर्टाची बाही कोपरापर्यंत सरकवली आणि बोट डबीत घातलं. तो हात मागे घेऊन म्हणाला, "ताई, मले कायले? मी तं फक्त विकतो." ताई एवढ्या हसल्या की मी भिंतीपलीकडून उठून पाहायला गेलो. त्यानंतर कित्येक महिने, मी काहीही विकायला लागलो की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "ओ मेडिकल, तुमी तं फक्त विकता ना?"

त्या कंपन्यांना पत्रं लिहायच्या. पोस्टकार्डावर, मराठीत. तुमच्या क्रीममध्ये "सुगंध" असं लिहिलंय, तो कशाचा ते कळवावं. एका कंपनीनं उत्तर म्हणून क्रीमचा अख्खा खोका पाठवला. ताईंनी तो न फोडता स्वतःच्या खर्चानं परत केला, वर चिठ्ठी जोडली: मी विचारलं होतं, मागितलं नव्हतं.

हे सगळं ऐकून कोणालाही वाटेल की बाई जन्मापासून हरिश्चंद्र होती. तसं नाही. तसं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

ताईंचे गाल कायम लाल असत. दोन्ही गालांवर बारीक शिरा दिसायच्या, उन्हात गेल्या की आग व्हायची, हनुवटीवर नको तिथं केस होते. पार्लरवाली असून त्या यावर पावडरसुद्धा लावत नसत. कोणी विचारलं तर सरळ सांगायच्या, "मीच केलं." आणि ते खरं होतं. पण त्यांनी ते एकटीनं केलं नव्हतं.

नाडी-भिंगाच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा ताईंची प्रसिद्धी डब्बीसाठी होती. बांगड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या कुंकवाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्या त्या आणायच्या, स्टीलच्या वाटीत साधं कोल्ड क्रीम आणि औषधाच्या दोन ट्यूब चमच्याच्या पाठीनं घोटायच्या आणि डब्या भरायच्या. रोज रात्री लावा, पंधरा दिवसांत फरक. फरक पडायचाच. त्या ट्यूब चामडीच्या रोगावरच्या, स्टेरॉइडच्या होत्या, डॉक्टरनं लिहून दिल्या तर मोजके दिवस लावायच्या. वर लाल रेघ, खाली चौकटीत इशारा. चिठ्ठी नसेल तर द्यायच्या नाहीत, हे मला कायद्यानं माहीत होतं. आणि त्या ट्यूब माझ्या दुकानातून जायच्या. भिंतीपलीकडून हाक यायची, "ओ मेडिकल, दोन द्या," आणि मी द्यायचो. सगळेच देतात, अशी मी माझी समजूत घातली होती. ती घालायला फार कष्ट पडले नाहीत.

आमच्याकडे साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलीचे फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी ते नवऱ्याकडच्या सगळ्या मोबाईलवर असतात. म्हणून साक्षगंधाआधी महिनाभर पोरी डब्बी लावायच्या. चेहरा उजळायचा, फोटो निघायचे, सगळे खूश. मग पंचाईत सुरू व्हायची. जो चेहरा तिकडच्यांनी पसंत केला, तोच लग्नापर्यंत टिकवायचा, म्हणजे डब्बी थांबवायची नाही. थांबवली की चेहरा सूड घ्यायचा. आणि लग्नानंतर तर सासरचे रोजच पाहणार. एका फोटोपायी पोरी वर्षानुवर्षं डब्बीला बांधल्या जायच्या, आणि कातडी पातळ होत जायची. ताई स्वतः त्यातल्याच एक होत्या, फक्त त्यांची डब्बी कधी संपत नव्हती.

मुकुटबन गावची एक मुलगी आली आणि हे सगळं फिरलं. साक्षगंध झालेलं, लग्नाला महिना. घरी कापूस वेचणीची धांदल, वणीला यायला जमलं नाही आणि डब्बी संपली. दहा दिवसांत चेहऱ्याची अशी आग झाली की ओढणीचा स्पर्श सोसत नव्हता. गालभर पुरळ, डोळ्यांखाली सूज. आई तिला तोंडावर स्टोल गुंडाळून एस.टी.नं घेऊन आली होती. तक्रार करायला नाही. आणखी डब्ब्या घ्यायला.

"दोन द्या ताई," आई म्हणत होती. भिंत पातळ असल्यानं मला शब्द न शब्द ऐकू आला. "लगन होऊ द्या. मंग सोडून देऊ."

ताईंनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "स्टोल काढ व माय."

मुलीनं काढला असावा. नंतर ताई एवढंच बोलल्या, "नाई देत."

"काहून? आमी फुकट मांगून राह्यलो का?"

"हे डब्बीनंच झालं. माह्या हातानं झालं. आता त्याच हातानं अजून देऊ काय?"

आई रडली, ओरडली, लग्न मोडलं तर तुमच्या दारात येऊन बसेन म्हणाली. ताईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि दोघींना घेऊन त्याच दिवशी चंद्रपूरला स्किनच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरनं म्हणे आधी ताईंच्याच गालाकडे पाहिलं आणि विचारलं, पेशंट कोण? ताई म्हणाल्या, दोघी. डब्बी दोघींचीही बंद झाली. बरं व्हायला महिने लागतील, मध्ये आणखी वाईट दिसेल, घाबरायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. ताईंचे गाल पुढं कधी पूर्ण निवले नाहीत.

दुसऱ्या सोमवारपासून, पार्लर बंद असायचं त्या दिवशी, ताई स्कूटी घेऊन गावोगाव निघाल्या. कोणाला डब्बी दिली याची त्यांच्याकडे यादी नव्हती. चेहरे आठवत होते. घरोघरी जायचं, सांगायचं की मी दिलेली डब्बी वाईट आहे, परत द्या, आणि डॉक्टरकडे जा. हे ऐकायला सोपं वाटतं. एकदा, कोणी ट्यूबांचं विचारलं तर सांगायला, त्यांनी मला मुद्दाम बरोबर नेलं, तेव्हा मी पाहिलं. ओसरीत कापसाचा ढीग, त्याच्या कडेला बाजेवर सासू बसलेली, आत कुठेतरी सून.

"लगन जमलं तवा चांगली होती डब्बी," सासू म्हणाली. "आता वाईट झाली? तुमचं काही नवीन इकाचं असन."

"काही इकाचं नाई. परत द्या फक्त."

"नाई देत जा."

ताई अंगणातच बसल्या. चक्क जमिनीवर. ऊन गालावर घेत, आग होत असताना. मी म्हटलं, ताई, चला, लोक पाहून राह्यले. त्या म्हणाल्या, "पाहू द्या. गालच पाहाचे हायेत त्याईले." तासाभरानं सून बाहेर आली आणि मुकाट्यानं डब्बी ताईंच्या हातात ठेवून आत गेली. सगळीकडे असं झालं नाही. काही घरांनी कुत्रं सोडलं. जिथं डब्बी परत मिळायची नाही, तिथं ताई ती क्षणभर हातात मागून घ्यायच्या, पिशवीतून एक चिठ्ठी काढायच्या आणि ती डब्बीच्या बुडाला चिकटवून द्यायच्या. त्यावर त्यांचं नाव, माझ्या मेडिकलच्या बाजूचं पार्लर, वणी, आणि खाली: हे मी बनवलं आहे. भांडायला इथं यावे.

आपल्या चुकीवर आपलाच पत्ता चिकटवत हिंडणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मला तेव्हा कौतुक वाटलं नाही. राग आला. कारण चिठ्ठीत माझं मेडिकल होतं.

आणि मग ती तक्रार. एका दुपारी ताई आल्या, स्टूल ओढलं, आणि ड्रग इन्स्पेक्टर साहेबांच्या नावानं लिहिलेला कागद काउंटरवर ठेवला. तक्रार त्यांनी स्वतःविरुद्धच केली होती. मी विनापरवाना क्रीम बनवून विकलं, इतकी वर्षं, या या गावात. सोबत सीलबंद डब्बी एक. सगळं सुवाच्य अक्षरात. मध्ये एक ओळ होती: औषधाच्या ट्यूब मी यांच्याकडून चिठ्ठीशिवाय घेतल्या. आणि "यांच्याकडून" च्या आधी जागा कोरी.

"ताई, हे काय?"

"तुमचं नाव मी नाई लिहिणार. खोटं नाव बी नाई लिहिणार. जागा सोडली."

"माझं लायसन जाईन. तुमचं काय, तुमचं दुकान कंगव्यावर बी चालन. मले लेकरं हायेत."

"मुकुटबनच्या पोरीले बी माय हाय," त्या म्हणाल्या.

मी नको ते बोललो. तुमच्या पापात मले कायले ओढता, असं म्हणालो. ताई उठल्या. कागद तिथंच ठेवला, त्यावर माझ्याच खोकल्याच्या औषधाची बाटली वजन म्हणून ठेवली आणि गेल्या. चार दिवस तो कागद काउंटरवर होता. मी तो उचलला नाही, फाडला नाही. गिऱ्हाइकं त्यावर कोपर टेकवून पैसे द्यायची. भिंतीपलीकडून हाकसुद्धा येईना. चार दिवसांत मला कळलं की माझं दुकान किती शांत आहे आणि ती शांतता मला किती नकोशी आहे.

पाचव्या दिवशी मुकुटबनची मुलगी आली. एकटी. स्टोल गळ्यात होता, तोंडावर नव्हता. चेहरा अजून वाईटच होता, गिऱ्हाइकं वळून पाहत होती आणि ती पाहू देत होती. डॉक्टरची चिठ्ठी पुढं केली, एक साधं मलम लिहिलेलं. मी ते दिलं. तिनं डोळे बारीक करून त्यावरचा पत्ता वाचला. मग विचारलं, "भाऊ, डब्बीतली ट्यूब तुमचीच होती ना?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"बरं," ती म्हणाली. "मी उद्या नवरदेवाच्या घरी जाऊन राह्यली. असंच तोंड घेऊन. तेथी विचारतीन कोनं केलं म्हणून. मले पूर्ण सांगता आलं पाह्यजे."

ती रागावली असती तर मी बहुतेक पुन्हा काहीतरी समजूत घातली असती. ती रागावली नव्हती. तिला फक्त पत्ता हवा होता. ती गेल्यावर मी बाटली बाजूला केली, बॉलपेन घेतलं आणि कोऱ्या जागेत माझं नाव, मेडिकलचं नाव, लायसनचा नंबर लिहिला. मग भिंतीवर दोन थापा मारल्या.

"काय?" पलीकडून आवाज आला.

"घ्या तुमचा कागद."

ताई आल्या, वाचलं आणि म्हणाल्या, "पिन कोड राह्यला." मी पिन कोड लिहिला.

मुलीची ती सोयरीक मोडली. तिकडचे म्हणाले, फोटोत वेगळी होती. ती म्हणाली, हो, फोटोत वेगळीच होती. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं तेव्हा ताईंनी तिची नुसती वेणी घातली आणि चेहऱ्याला हात लावू दिला नाही कोणाला, नवरीच्या आत्यालासुद्धा. मीही जेवून आलो.

यवतमाळहून इन्स्पेक्टर साहेब आले, माझी बिलं तपासली, आणि माझं लायसन पंधरा दिवस निलंबित झालं. पंधरा दिवस शटर खाली. लोक विचारणार, अर्धे कुजबुजणार, या विचारानं मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं येऊन सांगितलं की आपल्या शटरवर कागद लावलाय. जाऊन पाहिलं तर ताईंचं सुवाच्य अक्षर: हे मेडिकल बंद आहे कारण मालकाने खरं लिहून दिलं. कोणाला भांडायचं असेल तर शेजारी यावे. मी तो कागद फाडायला हात उचलला होता. फाडला नाही. पंधरा दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाईक कमी झालं नव्हतं, पण चिठ्ठीशिवाय ट्यूब मागणारे कमी झाले होते. त्यांना वाटायचं, हा आता नाव लिहून साहेबाला देतो.

ताईंवर खटला झाला. वकील म्हणाला, गुन्हा नाकबूल म्हणा, पुरावा काय आहे, एक डब्बी. ताईंनी त्यालाच झापलं: ती डब्बी मीच देल्ली, मीच नाकबूल कशी करू? प्रत्येक तारखेला त्या ठेवणीतली साडी नेसून, पिशवीत तुरीच्या शेंगा घेऊन जायच्या. निकालाच्या दिवशी न्यायाधीश साहेबांनी विचारलं, काही सांगायचं आहे का. ताई म्हणाल्या, "हो. माह्यासारख्या डब्बीवाल्या अजून लय हायेत. त्याईचे पत्ते माह्याकडे हायेत." दंड भरला, बाहेर आल्या, आणि त्याच आठवड्यात आरशाच्या खिळ्याला नाडी बांधली.

पुढं गुडघे गेले, स्कूटी सुटली, आणि ताई बहिणीकडे बोरी अरबला राहायला गेल्या. जाताना भिंग मला देतील असं वाटलं होतं. नाही दिलं. तिथंही कोणाला तरी वाचायला लावत असणार. गेल्या थंडीत त्या वारल्या. निरोप आला तेव्हा मी दुकानात होतो, आणि मला आधी त्या बाईचा रागच आला, अशी न सांगता जाते म्हणून. मग शटर अर्ध्यावर ओढून रडलो. पार्लरच्या जागी आता मोबाईलच्या काचा बसवून देतात.

परवा दुपारी एक बाई त्या मोबाईलवाल्याशी वाद घालत होती. पार्लर कुठं गेलं, ती बाई कुठं गेली, तिला समोर आणा. चाळिशीची असेल, दोन्ही गालांवर बारीक लाल शिरा. आवाज वाढत चालला होता. मोबाईलवाल्यानं वैतागून माझ्याकडे बोट दाखवलं. ती माझ्या काउंटरशी आली आणि एक डब्बी आपटली. कुंकवाची डब्बी. झाकण उघडलं तर आत कुंकूच होतं. इतक्या वर्षांत धुऊन-पुसून ती पुन्हा तिच्या मूळच्या कामाला लागली होती. तिनं डब्बी उलटी केली. बुडाला चिठ्ठी होती, तेलकट, अर्धी पुसलेली, पण ताईंचं अक्षर मला कुठंही ओळखू येतं.

"हे वाचा," ती म्हणाली. "भांडायले इथी या, असं लिवलं हाय. माही सासू लपवून ठेवत होती, सासू गेली तवा सापडली. कोठी हाय ते बाई? मले भांडाचं हाय."

ताई आता नाहीत, एवढं सांगितलं असतं तर ती परत गेली असती. कायदा म्हणतो मी माझी शिक्षा भोगली आहे. मोबाईलवाला ऐकत होता. मी काउंटरखालून स्टूल ओढून तिच्याकडे सरकवलं.

"पत्ता बरोबर हाय," मी म्हटलं. "ट्यूब माह्याच होत्या. बसा, आन् बोला."